शांघायचं पीस हॉटेल, म्हणजे व्हिक्टर सासूनचं कॅथे. मुंबईकरांनी तर बघायलाच हवं

शांघायला कामासाठी जा नाहीतर फिरायला, पीस हॉटेलसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. राहायलाच पाहिजे असं अजिबात नाही, मी पण राहिले नाही, दुपारचा चहा घेतला, लॉबी आणि म्युझियम निवांत बघितलं, संध्याकाळी जॅझ ऐकलं आणि बाहेर पडले. पैसे बऱ्यापैकी गेले पण एक रुपयाचं वाईट वाटलं नाही. इंटरनेटवर या हॉटेलबद्दल हजारो लोकांनी लिहिलंय, चहा कसा, स्कोन कसे, फोटो कुठे काढायचा वगैरे, पण हे ज्याने बांधलं तो मुंबईचा गिरणीमालक होता आणि त्याचे पैसे आपल्या परळ-लालबागमधूनही गेलेत हे कुणी धड सांगत नाही, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

आधी पत्ता नीट समजून घ्या कारण इथे बरेच जण गोंधळतात. नानजिंग ईस्ट रोड जिथे नदीकाठच्या बंडला मिळतो त्या कोपऱ्यावर समोरासमोर दोन जुन्या इमारती आहेत आणि दोघींच्या नावात पीस हॉटेल आहे. हिरव्या तांब्याचं पिरॅमिडसारखं टोकदार छप्पर असलेली उत्तरेची इमारत म्हणजे आपलं कॅथे, आताचं फेअरमाँट पीस हॉटेल. दक्षिणेची लाल-पांढऱ्या विटांची ती जुनं पॅलेस हॉटेल, ते वेगळं. मेट्रोच्या नानजिंग ईस्ट रोड स्टेशनला उतरलात की नदीच्या दिशेने चालत सुटायचं, दहाएक मिनिटं लागतात. चीनमधे गूगल मॅप्सच्या भरवशावर राहू नका आणि फोनमधे अलीपे किंवा वीचॅटला कार्ड जोडून ठेवा, मुंबईहून निघायच्या आधीच हे करा, तिथे गेल्यावर ओटीपीची भानगड होते.

आत शिरल्यावर पहिल्यांदा मान वर जाते ती त्या अष्टकोनी चौकात. वर पिवळसर काचेचा घुमट आहे आणि त्यातून जो उजेड खाली येतो ना, बाहेर ढगाळ असलं तरी आत ऊन पडल्यासारखं वाटतं. मधल्या काळात हा घुमट झाकला गेला होता, 2007 ते 2010 हॉटेल बंद ठेवून मोठी दुरुस्ती झाली तेव्हा परत मोकळा केला. संगमरवरी फरशी, आर्ट डेको जाळ्या, लालीक या फ्रेंच कारागिराच्या काचा, आणि भिंतींवर जागोजागी धावणारे ग्रेहाउंड कुत्रे कोरलेले. ते कुत्रे नुसते डिझाइन म्हणून नाहीत, सासूनांचं चिन्ह आहे ते, म्हणजे मालकाने आपला शिक्का सगळीकडे मारून ठेवलाय. एकदा कळलं की मग दिसतच राहतात.

तर हा मालक कोण. सर एलिस व्हिक्टर सासून, जन्म 1881 चा, इटलीत नेपल्सला. शिक्षण इंग्लंडमधे, हॅरो आणि केंब्रिज. पणजोबा म्हणजे आपले डेव्हिड सासून, बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी, ज्यांच्या नावाने पुण्याचं ससून हॉस्पिटल आहे आणि काळा घोड्याची लायब्ररी आहे. (ससून डॉक त्यांच्या थोरल्या मुलाने, अल्बर्टने बांधला, व्हिक्टरने नव्हे.) डेव्हिडचा दुसरा मुलगा एलियास 1844 साली चीनला जाणारा घरातला पहिला, आणि वडील गेल्यावर भावाशी पटेना म्हणून 1867 साली त्याने स्वतःची वेगळी पेढी काढली, ई. डी. सासून आणि कंपनी. व्हिक्टर या शाखेतला. एलियासचा मुलगा जेकब, म्हणजे व्हिक्टरचा काका, त्याने वडिलांच्या नावाने काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग 1884 ला बांधलं, भायखळा-नागपाड्याकडची जेकब सासून शाळा पण त्याचीच. आणि मुंबईतली त्या काळची सगळ्यात मोठ्या गिरण्यांपैकी एक, जेकब सासून मिल, ती पण.

सुरुवातीचा पैसा अफूचा. हे स्पष्ट लिहायलाच हवं कारण हॉटेलच्या झगमगाटात ते विसरायला होतं. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, त्यात मुंबईतले पारशी, गुजराती, बगदादी ज्यू सगळेच व्यापारी होते आणि सासून त्यात फार मोठे. चीनची किती घरं त्या धंद्याने बसली आणि इथे माळव्यात शेतकऱ्याला त्यातून काय मिळालं, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. व्हिक्टरच्या हातात कारभार आला तोवर भारतातून चीनला जाणारी अफू कायद्याने बंद झाली होती, पैसा कापडगिरण्यांत आणि जमिनीत वळला होता. पण पाया तो होता.

पहिल्या महायुद्धात व्हिक्टर विमानदलात होता, विमान कोसळलं आणि पाय कायमचा अधू झाला, पुढे आयुष्यभर काठी घेऊन चालला. त्याच्या कुठल्याही फोटोत बघा, काठी आहेच. 1924 साली वडील गेले आणि तो बॅरोनेट (वंशपरंपरेने मिळणारा ब्रिटिश किताब) झाला, बॉम्बेचा बॅरोनेट, शांघायचा नव्हे. मुंबईत राहायचा, गिरण्या बघायचा, गिरणीमालक संघाचा प्रतिनिधी म्हणून दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात बसायचा, आणि पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर मिस्टर ईव्ह या नावाने घोडे पळवायचा.

आता तारखा बघा. शांघायमधे ही इमारत 1926 ला सुरू झाली आणि 1 ऑगस्ट 1929 ला कॅथे हॉटेल उघडलं. मधे काय झालं? 1928 चा गिरणी संप. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळपास दीड लाख कामगार, सहा महिने गिरणगावातली चिमणी धुरकटली नाही. डांगे, आळवे, कासले हे कामगार पुढारी तिथूनच मोठे झाले. आणि संपाचं मूळ कारण काय होतं तर मालकांनी आणलेली काम वाढवायची नवी पद्धत, एका माणसाने दोनाऐवजी तीन माग सांभाळायचे, कातणाऱ्याने दोन बाजू बघायच्या, माणसं कमी करायची. ही पद्धत आणण्यात आघाडीवर सासून ग्रुपच्या गिरण्या होत्या. म्हणजे एकीकडे लालबागच्या चाळीत बायका दागिने गहाण टाकून पीठ आणत होत्या आणि दुसरीकडे नदीच्या मऊ चिखलात खुंट ठोकून ही इमारत मजल्यामागून मजला वर चढत होती, मालक तोच. मी त्या घुमटाखाली चहा पीत होते आणि हे डोक्यातून जात नव्हतं. माझे आजोबा नंतरच्या काळात इंडिया युनायटेड मिल एक नंबरला साळखात्यात, म्हणजे विणकामात होते, तीच जुनी जेकब सासून. राजापूरकडून आले, खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे. त्यामुळे मला हे हॉटेल परकं वाटूच शकत नाही.

मी असं म्हणत नाहीये की कॅथेची प्रत्येक वीट मुंबईच्या कामगाराच्या पगारातून कापली. हिशोब इतका सरळ नसतो, शांघायमधे सासूनांच्या जमिनी कितीतरी आधीपासून होत्या आणि त्यांच्या भाड्यावरच मोठी कमाई होती. पण भांडवल एकाच घराण्याचं होतं आणि ते इथून तिथे हललं हे खरं आहे. 1929 साली सरकारने मजुरांच्या प्रश्नावर व्हिटली कमिशन नेमलं, त्यात व्हिक्टर सासून सभासद होता आणि आपले ना. म. जोशी पण. एकाच टेबलावर गिरणीमालक आणि कामगारांचे जोशी! 1931 ला त्यांचा अहवाल आला आणि त्याच सुमाराला व्हिक्टरने मुक्काम शांघायला हलवला. भारतात कर वाढलेत, संप होतायत, परदेशी कापडाच्या होळ्या पेटतायत, स्वराज्य येऊ घातलंय, आणि शांघायच्या इंटरनॅशनल सेटलमेंटमधे, म्हणजे परदेशी लोकांच्या ताब्यातल्या वस्तीत, परदेशी माणसाला त्याच्या देशाचा कायदा, चिनी सरकारचा हात पोचत नाही, कर नावापुरता. भांडवलदाराने कुठे जावं? त्याच्या बाजूने बघितलं तर निर्णय सरळ होता. माझ्या आजोबांच्या बाजूने बघितलं तर ज्यांनी गिरण्यांवर कमावलं त्यांनी यंत्रं नवी करायच्या ऐवजी पैसा बाहेर काढला, आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. दोन्ही खरं आहे.

शांघायमधे त्याने जे केलं ते मात्र धंदा म्हणून थक्क करणारं आहे. त्याच्याआधी परदेशी लोक तिथे मुख्यतः माल आणायचे-न्यायचे. याने ओळखलं की आता कमाई मालात नाही, जमिनीत आणि पैशात आहे. ई. डी. सासून बँकिंग कंपनी काढली, जमिनीच्या वेगळ्या कंपन्या काढल्या, त्यांचे शेअर लोकांना विकले, गहाणावर कर्ज उचललं, त्यातून पुढची इमारत. खाली दुकानं आणि ऑफिसं भाड्याने, मधे हॉटेल, सगळ्यात वर स्वतः, हीच तर कॅथेची रचना आहे, पिरॅमिडच्या खाली त्याचं स्वतःचं घर होतं. मग मेट्रोपोल हॉटेल, हॅमिल्टन हाऊस, फ्रेंच वस्तीत कॅथे मॅन्शन्स आणि ग्रॉव्हनर हाऊस, सुझोऊ खाडीवर एम्बँकमेंट हाऊस. आज शांघायची जी जुनी उंच इमारतींची रेघ आपल्याला फोटोत दिसते त्यातला मोठा वाटा एकट्या माणसाचा. शेजारची बँक ऑफ चायनाची इमारत कॅथेपेक्षा जराशी बुटकी आहे, ती सासूनने उंच होऊ दिली नाही असं शांघायमधे सांगतात. बाहेर उभं राहून दोन्ही टोकं बघा.

पण जमिनीवर सगळं लावलं की जमीन पडली तर तुम्हीही पडता. 1934-35 ला अमेरिकेने चांदी चढ्या भावाने घ्यायला सुरुवात केली, चीनचं चलन चांदीवर होतं, चांदी बाहेर वाहायला लागली, पैसा आटला आणि शांघायच्या जागांचे भाव कोसळले. नवीन टॉवरमधे गुंतवणूक करायला सांगणाऱ्या प्रत्येक एजंटला ही गोष्ट माहीत असावी असं मला फार वाटतं. मग 14 ऑगस्ट 1937, जपान-चीन लढाईत चिनी विमानांचे बाँब नदीतल्या जपानी जहाजाऐवजी नेमके याच कोपऱ्यावर पडले, कॅथे आणि पॅलेसच्या मधल्या रस्त्यावर, जिथे आता आपण सेल्फी काढतो तिथे. शेकडो माणसं गेली. हॉटेलच्या फुटपाथवर उभं असताना हे लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा आहे आणि ती मोठी आहे. 1938 पासून हिटलरच्या तावडीतून सुटलेले ज्यू शांघायला यायला लागले कारण तिथे व्हिसा लागत नव्हता, साधारण वीस हजारांपर्यंत आले. व्हिक्टरने एम्बँकमेंट हाऊसमधली जागा त्यांना उतरायला दिली, पैसा दिला, कामं मिळवून दिली. जो माणूस पार्ट्या, घोडे आणि कॅमेरा यातच रमलेला म्हणून प्रसिद्ध होता त्याने वेळेला हे केलं. मला हा माणूस पूर्ण आवडत नाही पण या कामासाठी मी त्याला मनापासून मानते.

बरं आता हॉटेलकडे. चहा जास्मिन लाउंजमधे, खिडक्या मोठ्या, पियानो, तीन मजली स्टँडवर सँडविच, स्कोन, छोटे केक. चहाची यादी लांबलचक आहे, मी मोगऱ्याच्या वासाचा चिनी चहा घेतला आणि तोच घ्या असं सांगेन, दूध घातलेला चहा आपण घरी पितोच. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, ऐनवेळी सांगून अवघड जातं कारण सँडविचमधे मासा किंवा हॅम असतंच. माझ्याबरोबरची मैत्रीण शाकाहारी, तिने आधी कळवलेलं, तिला काकडी, चीज, मश्रूमचं वेगळं ताट आलं आणि भरपूर आलं. वाढणारी मंडळी फार अदबीने वागतात, घाई करत नाहीत. महाग आहे, अगदी महाग आहे, पण तुम्ही पैसे देताय ते त्या खोलीचे. नुसती भूक भागवायची तर मागच्या गल्ल्यांत नूडल्स आणि डंपलिंग उत्तम मिळतात.

म्युझियम छोटंसं आहे पण चुकवू नका. जुने फोटो, जुनी कपबशी, मेनू, हॉटेलच्या किल्ल्या असलं काय काय. तिथे काम करणाऱ्यांना प्रश्न विचारा. मी मुंबईहून आले सांगितल्यावर तिथल्या काकांचा चेहरा एकदम खुलला, सासून बॉम्बे, सासून बॉम्बे असं दोनदा म्हणाले आणि मला एक फोटो जवळून दाखवला. मी मोबाईलवर त्यांना काळा घोड्याचं निळं सिनेगॉग दाखवलं, त्याने ते हरखून गेले. भाषा एकमेकांची येत नव्हती पण अर्धा तास गेला.

या हॉटेलात नऊ देशांचे म्हणून नऊ सूट आहेत, चिनी, इंग्लिश, अमेरिकन, फ्रेंच, जपानी, इटालियन, जर्मन, स्पॅनिश आणि भारतीय. भारतीय सूट त्या यादीत असणं मला बरोबरच वाटतं, व्हिक्टरची कितीतरी वर्षं मुंबईत गेली होती. हे सूट घेतल्याशिवाय सहसा आत जाता येत नाही, तरी हॉटेलचा इतिहास दाखवणारा टूर असेल त्या दिवशी तो आधी विचारून घ्या, आठव्या मजल्यावरची नाचाची लाकडी फरशी बघायला मिळाली तर सोन्याहून पिवळं. फरशीखाली स्प्रिंगची सोय आहे, पाय हलका पडतो. काठी टेकत चालणाऱ्या माणसाने शहरातली सगळ्यात चांगली नाचायची फरशी बांधली.

संध्याकाळी जॅझ बार. इथला म्हाताऱ्यांचा बँड 1980 पासून वाजवतोय. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत ज्या संगीतावर बंदी होती ते वाजवणारे लोक, कित्येक वर्षं वाद्याला हात न लावता काढलेले, मग परत एकत्र आले. आता त्यातले बरेच बदललेत पण वाजवणारे अजून आजोबाच आहेत. ट्रम्पेटवाल्या आजोबांचा दम मधेच कमी पडला की बाजूचा सॅक्सोफोनवाला अलगद पुढे येऊन सांभाळून घेतो, इतक्या वर्षांची सवय. मी जॅझमधली जाणकार नाही, पण तासभर जागची हलले नाही. जागा पुढची पाहिजे तर लवकर जा, आणि कमीत कमी किती बिल करावं लागतं ते बसायच्या आधी विचारा म्हणजे नंतर धक्का नको.

आता व्हिक्टरचं पुढे काय झालं ते सांगते. 1941 मधे तो शांघायमधून बाहेर पडला, डिसेंबरमधे जपान्यांनी सगळं ताब्यात घेतलं. इकडे मुंबईतल्या गिरण्या चाळीसच्या दशकात दुसऱ्यांच्या हाती गेल्या आणि इंडिया युनायटेड मिल्स झाल्या. त्यातलीच सहा नंबर म्हणजे दादरची इंदू मिल, चैत्यभूमीजवळची, जिथे आता डॉ. आंबेडकरांचं स्मारक होतंय. हे कळल्यावर मी खूप वेळ विचार करत होते, कारण 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनीच विचारलं होतं की विणकाम खात्यात अस्पृश्यांना का घेत नाही, धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून सवर्ण कामगार त्यांना आत येऊ देत नव्हते. त्याच घराण्याच्या गिरणीच्या जागेवर स्मारक उभं राहतंय. कुठून कुठे जातात धागे.

युद्धानंतर व्हिक्टर शांघायला परत आला पण वारं फिरलेलं त्याला कळलं, जमेल तेवढं विकलं आणि बहामात नासाऊला जाऊन राहिला. 1949 ला कम्युनिस्ट आले, उरलेल्या इमारती पुढच्या काही वर्षांत सरकारकडे गेल्या, 1956 ला कॅथेचं पीस हॉटेल झालं. भारत मी सोडला आणि चीनने मला सोडलं, असं तो म्हणायचा म्हणतात. मग सगळं लक्ष घोड्यांवर, आणि तिथे मात्र नशीब असं उघडलं की इंग्लंडची डर्बी चार वेळा जिंकला, 1953, 1957, 1958 आणि 1960. 1953 ला तर राणीचा राज्याभिषेक होऊन चारच दिवस झालेले आणि याच्या पिंझाने राणीचाच घोडा मागे टाकला. 1959 ला, वय सत्त्याहत्तर, आपली काळजी घेणाऱ्या अमेरिकन नर्सशी लग्न केलं. 1961 ला गेला. मूल नाही, बॉम्बेची बॅरोनेटगिरी तिथेच संपली.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कमी केला तो किमतीसाठी, कारण एका साध्या नोकरदार कुटुंबाने चौघांनी चहा प्यायचा तर ट्रिपचं बजेट हलतं. तसं असेल तर चहा सोडा, लॉबी आणि म्युझियम बघा, ते पुरेसं आहे. शनिवार-रविवार आणि चिनी सुट्ट्या टाळा, बंडवर अशी गर्दी होते की दादर स्टेशन बरं. हॉटेल बघून झाल्यावर मागे फुझोऊ रोड आणि जियांगशी रोडच्या चौकात जा, तिथे मेट्रोपोल आणि हॅमिल्टन हाऊस समोरासमोर आहेत, दोन्ही आतल्या बाजूला वळलेल्या, दोन्ही त्याच्याच. तिथून उत्तरेला खाडीच्या दिशेने चालत एम्बँकमेंट हाऊसपर्यंत जाता येतं. ती नागमोडी इमारत पुलावरून पूर्ण दिसते. आत लोकांची घरं आहेत, जिन्यात शिरून फोटो काढू नका.